ताडोबाची सफारी: कोणतं गेट, कोणती कागदपत्रं, बुकिंग कसं करायचं

ताडोबाला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी तारीख बघतात. माझं म्हणणं, आधी गेट बघा. मोहर्ली गेट चंद्रपूरच्या बाजूला, तर कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला. रेल्वेने चंद्रपूरला उतरणाऱ्यांना मोहर्ली सोयीचं, नागपूरहून गाडीने येणाऱ्यांना कोलारा. ज्या गेटचं बुकिंग, प्रवेश तिथूनच. पहाटे भलत्याच गेटवर पोहोचलात, तर बाहेरून वळसा घालेपर्यंत सफारी हातची जाते.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर होतं. कोअर (जंगलाचा आतला गाभा) की बफर (त्याभोवतीचा पट्टा), गेट, तारीख आणि सकाळची की दुपारची फेरी हे निवडायचं, प्रत्येकाचं नाव व ओळखपत्राचा क्रमांक भरायचा आणि पैसे भरायचे. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि गाइड. गाइड घ्यावाच लागतो. पात्रतेची खास अट नाही. मात्र परदेशी पर्यटकांचे दर वेगळे आणि शनिवार-रविवारी दर चढे.

कागदपत्रं मोजकीच: बुकिंगची पावती आणि आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी बुकिंग करताना दिलेलं मूळ ओळखपत्र. झेरॉक्सच्या भरवशावर जाऊ नका. परदेशी पर्यटकांनी पासपोर्टच न्यावा. मुलांचं आधार घरी राहतं आणि गेटवर धावपळ होते, तेवढं आठवणीने घ्या.

मंगळवारी कोअरमध्ये सफारी नसते. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंद असतो. त्या काळात बफरमधली काही गेटं चालू असतात.

ताडोबा हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. तारू हा गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, अशी ताडोबाच्या नावामागची आख्यायिका आहे. तलावाकाठी त्याचं ठाणं असून पौषात तिथे जत्रा भरते. मोहर्लीकडून आत जाताना रस्त्याकडेला गोंडकालीन दगडी खांब दिसतात. त्यांच्या माथ्यावरच्या भोकांतून दोर ओवून घंटेने निरोप पोहोचवत, असं गाइड सांगतात. वाघाच्या नादात बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही.

कोअरमध्ये मोबाइलला बंदी आहे, तो गेटवर जमा करावा लागतो. म्हणून पावतीची छापील प्रत जवळ ठेवा. कॅमेरा चालतो, मोठ्या लेन्सला वेगळं शुल्क पडतं.