गोळीचं घड्याळ

"महिना झाला गोळी सुरू करून, सिस्टर, पण काडीचा फरक नाही." समजा, कळव्याहून आलेली एक आई ठाण्यातल्या बालमनोविकार ओपीडीत असं म्हणते. मुलगा आठ वर्षांचा. निदान एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि पाय जमिनीला लागत नाहीत. वर्गशिक्षिकेच्या चिठ्ठीत मात्र लिहिलेलं असतं की हल्ली तो जागेवर बसतो आणि फळ्यावरचं उतरवून घेतो. दोघीही खरंच बोलत असतात. अशा वेळी जाणती परिचारिका आधी एवढंच विचारते, "तुम्ही त्याला किती वाजता बघता?"

आई सकाळी सातची लोकल पकडते आणि रात्री साडेसातला घरी येते. मुलाला दिलेली मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी पोटात गेल्यावर तासाभरात काम करू लागते आणि तिचा असर तीन-चार तास टिकतो. असर ओसरताना काही मुलं नेहमीपेक्षा जास्त चिडचिडी, रडवेली होतात. म्हणजे आईच्या वाट्याला गोळीच्या आधीचा आणि गोळी उतरल्यानंतरचा मुलगा येतो. मधले तास फक्त शाळा बघते.

ही गुंगीची गोळी नव्हे, हे तर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मेंदूच्या पेशी डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन सोडून एकमेकींना निरोप देतात आणि उरलेलं परत शोषून घेतात. हे शोषणं गोळी अडवते, त्यामुळे निरोप जास्त ठळकपणे पोहोचतो. कपाळामागचा भाग, जो "थांब, आधी ऐक" असं सांगतो, त्याला त्याने बळ मिळतं. अशा उत्तेजक, म्हणजे मेंदूला चालना देणाऱ्या औषधाने चंचल मूल स्थिरावतं, हे १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी नोंदवलं. मुलांवर बेन्झेड्रिन हे असंच एक औषध वापरताना त्यांचा अभ्यास सुधारल्याचं त्यांना दिसलं होतं.

या गोळीने भूक मंदावते, ते मात्र खरोखर सांभाळावं लागतं. डबा जसाच्या तसा परत येतो आणि आईचा जीव तुटतो. म्हणून गोळी नाश्त्यानंतर द्यायची आणि भूक परतली की रात्री पोटभर जेवू घालायचं. दर भेटीत सिस्टर वजन, उंची, नाडी, रक्तदाब केसपेपरवर लिहिते. मला हे काटा-पट्टीचं काम औषधाइतकंच मोलाचं वाटतं. स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनचं उलट असतं. त्याने भूक वाढते, म्हणून वजनासोबत रक्तातली साखरही बघावी लागते. एडीएचडीत कधी कधी दिलं जाणारं क्लोनिडिन हे औषध आपल्या मनाने एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो.

उद्धटपणा, फेकाफेकी, सतत उलटून बोलणं यांवर थेट अशी गोळी नाही. तिथे तीन रकान्यांची वही कामाला येते. आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. मोबाईल काढून घेतला, तो किंचाळला, शेजारी ऐकतील म्हणून मोबाईल परत दिला. असं आठवडाभर लिहिलं की किंचाळण्याची किंमत कोण मोजतंय ते आईलाच दिसतं. मोबाईल देणं थांबवल्यावर पहिले काही दिवस किंचाळणं वाढतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर घर तिसऱ्या दिवशी हार मानतं.

"लाडाने बिघडवलाय" हे सासरच्यांनी ऐकवून झालेलं असतं. त्यात ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि "ठाण्याला पाठवा" ही तर सर्रास दिली जाणारी शिवी. लहान मुलाचा हात धरून मानसोपचाराच्या ओपीडीची पायरी चढणारी आई हे ओझं घेऊन येते. तिला पुन्हा दोष देणं मला क्रूर वाटतं.

एक व्यवहाराची गोष्ट. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, म्हणून ते कोपऱ्यावरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उरल्या की चिठ्ठीच्या मागे लागायचं, हे सिस्टर बजावते.

दुपारचा डोस द्यायचा की दिवसभर पुरणारी गोळी, हे डॉक्टर ठरवतील. तोवर आईकडे एकच काम. रविवारी नाश्त्यानंतर नेहमीच्या वेळी गोळी द्यायची आणि शेजारी बसून बघायचं. दहा ते बारा या वेळेतली नोंद आजवर शाळेच्याच अक्षरात होती. या रविवारी ती आई लिहिणार आहे.