नाशिकमध्ये वरचा मजला चढवताना: भिंतीची उंची, छताचा उतार आणि परवानगीचा अर्ज

तळमजल्यावर स्लॅब, त्यावर एक-दोन खोल्या आणि वर पत्र्याचे किंवा कौलांचे उतरते छप्पर, अशी घरे सातपूर, पंचवटी, नाशिकरोड भागात गल्लोगल्ली दिसतात. दुसऱ्या स्लॅबपेक्षा खर्च कमी आणि खालच्या घरावर भारही कमी, म्हणून हा मार्ग मला समंजस वाटतो. पण बरेच जण आधी भिंती उभ्या करतात आणि मग उरलेल्या पैशांत बसेल तसा उतार देतात. परवानगीसाठी आधी उतार, मग भिंत असा क्रम हवा. त्या दोहोंवरच खोली नियमांत बसते की नाही हे ठरते.

महापालिका हद्दीत डिसेंबर २०२० पासून राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे युडीसीपीआर लागू आहे. देवळाली कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतले घर असेल तर परवानगी तिथल्या बोर्डाकडून घ्यायची.

उंचीचा हिशेब

सपाट छताखाली राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण ९ फूट लागते. उतरत्या छताखाली सरासरी उंची २.७५ मीटर आणि सर्वांत खालच्या बाजूला किमान २.१ मीटर असावी लागते. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत, आणि घोळ नेमका इथे होतो. नियमात २.१ आकडा आहे म्हणून मिस्त्री वळचणीकडची भिंत तेवढ्यावर थांबवतो, पण सरासरीचा हिशेब कुणी करत नाही.

उदाहरण म्हणून उताराच्या दिशेने ४ मीटर रुंद, एकपाखी छपराची खोली घ्या. बुटकी भिंत २.१ मीटर आणि उतार फुटाला तीन इंच दिला तर उंच बाजू ३.१ मीटरवर जाते. सरासरी निघते २.६, म्हणजे खोली बसत नाही. उतार फुटाला चार इंच केला की उंच बाजू ३.४३ आणि सरासरी २.७७ होते. कागदावर बसली. पण ही मोजणी तयार फरशीपासून छताच्या आतल्या बाजूपर्यंत असते. फरशी आणि तिच्याखालच्या थराने ७ सेंटिमीटर खाल्ले की सरासरी २.७० वर येते, आणि बुटकी बाजूही २.१ च्या खाली जाते. पत्र्याखाली पीव्हीसीचे सिलिंग मारणार असाल तर तेही याच हिशेबात धरा.

म्हणून माझा आग्रह आहे की बुटकी भिंत तयार फरशीपासून २.४ मीटर ठेवा. तेवढ्या उंचीवर फुटाला तीन इंच उतार दिला तर सरासरी २.९ मिळते. फुटाला दोनच इंच दिला तर मात्र २.७३ वर अडकाल, दोन सेंटिमीटरसाठी. २.४ धरण्याला आणखी एक कारण आहे. तुळईखाली किमान २.४ मीटर मोकळी उंची हवी, असा वेगळा नियम आहे. भिंत २.१ ची आणि तिच्या माथ्यावरून कैचीचा (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा) आडवा दांडा गेला तर छाननीत त्यावर बोट ठेवले जाऊ शकते. शिवाय २.१ च्या भिंतीत नेहमीचा दरवाजा आणि वर लिंटेल बसतच नाही.

दुपाखी छपरात निम्म्या रुंदीचा हिशेब करायचा. ६ मीटर रुंद खोली, दोन्ही भिंती २.४ मीटर, मंगलोरी कौलांसाठी फुटाला सहा इंच उतार: आढे ३.९ मीटरवर येते आणि सरासरी ३.१५ होते. सरासरीला वरची मर्यादा ४.२ मीटर आहे, त्यामुळे इथे अडचण नाही.

इमारतीची एकूण उंची मोजताना उतरत्या छपराला थोडी सवलत मिळते. बाहेरच्या भिंतीचा पृष्ठभाग छपराला जिथे भेटतो तिथपर्यंतच उंची धरतात. आढ्याखालची त्रिकोणी भिंत रस्त्याच्या बाजूला असेल तर वळचण आणि आढे यांच्या मध्यापर्यंत. छपराची वळचण सामासिक अंतरात (भूखंडाच्या हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेत) ०.७५ मीटरपर्यंत पुढे येऊ शकते. पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडता कामा नयेत, म्हणून पन्हाळ आणि पाइप नकाशातच दाखवा.

अर्ज कोण करू शकतो

जागेचा मालक, भाडेपट्टाधारक किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यार. सातबाऱ्यावर भावंडांची नावे असतील तर सर्वांची संमती लागते. सिडकोच्या योजनेतील घराची जागा भाडेपट्ट्याची असेल तर सिडकोचा ना-हरकत दाखला आधी मिळवा. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजूर अभिन्यासाशिवाय (लेआउटशिवाय) पाडलेल्या, भूखंडाला पहिल्यांदा नियमितीकरण लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ते खुले झाले आहे.

त्याआधी एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) शिल्लक आहे का, हे वास्तुविशारदाकडून तपासून घ्या. गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१ आहे. वर पत्रा आहे म्हणून खोली मोजली जात नाही, हा गैरसमज आहे. भिंतींनी बंदिस्त केलेली जागा एफएसआयमध्ये धरली जाते. गोदावरीकाठी निळ्या आणि लाल पूररेषेचे निर्बंधही पाहा.

कागदपत्रे

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमि अभिलेखचा मोजणी नकाशा, मंजूर अभिन्यास, घरपट्टीची पावती, सोसायटी असल्यास तिचा ना-हरकत दाखला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तळमजल्याचा मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला. जुन्या घरांच्या बाबतीत हेच सापडत नाहीत, म्हणून शोध आधी तिथून सुरू करा.

स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला केवळ सहीपुरता घेऊ नका. खालच्या पायाला आणि कॉलमना नवा भार झेपतो का, हे त्याने प्रत्यक्ष पाहायला हवे. भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक आयएस १८९३ याच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे. हलके छप्पर भूकंपात फायद्याचे, पण वाऱ्याने उचलले जाण्याचा धोका त्यालाच जास्त. कैची, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे दांडे) आणि भिंतीवरचा काँक्रीटचा बँड यांची पकड ड्रॉइंगमध्ये असलीच पाहिजे.

अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत बीपीएमएस या बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीवर जातो. नकाशात जिन्यातून घेतलेला उभा छेद आणि छताचा उतार दाखवणे आवश्यक आहे. त्या छेदात बुटकी उंची, उंच बाजू आणि सरासरी असे तिन्ही आकडे लिहायला सांगा. छाननी शुल्क, विकास शुल्क, लागू असल्यास अधिमूल्य (प्रीमियम) आणि १ टक्का कामगार उपकर भरावा लागतो. स्वतःच्या राहत्या घराचा बांधकाम खर्च १० लाखांच्या आत असेल तर हा उपकर नोव्हेंबर २०२५ पर्यंत माफ होता; नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख आहे.

परवानगी एक वर्षाची असते, काम लांबले तर मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा. काम झाल्यावर वास्तुविशारद पूर्णत्वाचा दाखला देतो आणि भोगवटा दाखल्यासाठी अर्ज करतो. त्याआधी, फरशी बसल्यावर, वळचणीकडची उंची टेपने एकदा मोजून घ्या. भोगवटा दाखला हातात आला की घरपट्टी विभागात वाढीव बांधकामाची नोंद करायची.