युरेकसचे जन्मजात दोष, बालकांतील

गर्भात मूत्राशयाचा माथा आणि बेंबी यांना जोडणारी नळी म्हणजे युरेकस. एरवी जन्माआधीच ती मिटते आणि तिच्या जागी दोरीसारखा तंतू उरतो. मिटायची राहिली तर दोष चार तऱ्हांचा. नळी सलग उघडी राहिली तर बेंबीतून लघवी झिरपते. नुसते बेंबीकडचे तोंड उघडे राहिले तर सायनस (आत बंद असलेली पोकळ वाट), मधलाच भाग उरला तर सिस्ट (पाण्याने भरलेली गाठ), मूत्राशयाकडचा उरला तर पिशवीसारखा फुगवटा.

कोल्हापूरकडे तक्रार बहुधा आजीच्या तोंडून येते: ‘नाळ पडली, पण बेंबी वाळंना.’ तोवर हळद, पावडर, खोबरेल सगळे लावून झालेले असते. अशा वेळी बाळ रडताना बेंबीकडे नुसते बघत बसावे. पोटावर जोर आला की पाण्यासारखा थेंब वर येतो आणि पुसला तरी पुन्हा भरतो. त्या पाण्यात क्रिएटिनिन, म्हणजे लघवीवाटे बाहेर पडणारे टाकाऊ द्रव्य, रक्तापेक्षा बरेच जास्त निघाले, तर ती लघवीच. बेंबीतला लाल, ओलसर कोंब मात्र बहुतेकदा साधा ग्रॅन्युलोमा, म्हणजे नाळेच्या जखमेवर वाढलेले मांस, असतो आणि तो खायच्या मिठानेही सुकतो. मीठ लावूनही हटत नसेल तर सोनोग्राफी करावी. बेंबीतून शी किंवा वारा येत असेल तर दोष गर्भात आतडे आणि बेंबी यांना जोडणाऱ्या नळीचा. ते प्रकरण वेगळे.

सिस्ट बरेचदा पिकल्यावरच कळते. ताप, बेंबीखाली लाली आणि दुखणे पाहून अपेंडिक्सचा संशय येतो. नळी सलग उघडी असेल तर लघवीच्या वाटेने डाय सोडून एक्स-रे काढतात, कारण मुलग्यात मूत्रमार्गातल्या पडद्याने वाट अडलेली असू शकते. तो अडथळा आधी दूर करावा लागतो.

सहा महिन्यांच्या आत, त्रास नसलेला अवशेष आपोआप मिटू शकतो. तेव्हा घाई नको. चंदगड किंवा गगनबावड्याहून तान्हे घेऊन शहराच्या खेपा घालणाऱ्यांना हे आधीच सांगितलेले बरे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत मुले तपासतात, तिथेही बेंबी दाखवता येते.

पू झाला असेल तर आधी अँटिबायोटिक, गरजेप्रमाणे निचरा, आणि सूज ओसरल्यावर काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया. बेंबीखालच्या लहान छेदातून किंवा दुर्बिणीने अख्खी नळी मूत्राशयाच्या माथ्याच्या तुकड्यासकट काढतात. अवशेष मागे राहिला तर पुन्हा पिकू शकतो आणि मोठेपणी, क्वचित, त्यात कर्करोगही होतो. मूत्राशय विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. न विरघळणाऱ्या धाग्यावर खडा धरतो. लघवीची नळी काही दिवस ठेवतात. काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे जातो.