पदवी प्रमाणपत्रावर विशेष विषयाची नोंद : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्या उमेदवाराला नोकरीच्या अर्जात, बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी किंवा परदेशी विद्यापीठाच्या छाननीत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, पदवी कोणत्या विषयात घेतली? उत्तर उमेदवाराला तोंडपाठ असते. पदवी प्रमाणपत्रावर मात्र ते छापलेले असेलच असे नाही. अभियांत्रिकीच्या पदवीवर स्थापत्य, यांत्रिकी, संगणक अशी शाखा बहुधा स्पष्ट लिहिलेली असते. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या प्रमाणपत्रांचा नमुना मात्र विद्यापीठागणिक आणि वर्षागणिक बदलत गेलेला आहे, त्यामुळे काहींवर विशेष विषय दिसतो आणि काहींवर पदवीचे नाव, श्रेणी व उत्तीर्ण झाल्याचे वर्ष एवढेच दिसते. नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी ही नोंद कशी तपासावी, नसल्यास काय करावे आणि त्यासाठी कोणते कागद जवळ ठेवावेत, याची माहिती येथे दिली आहे.

माझे मत आधीच सांगतो. विशेष विषय पदवी प्रमाणपत्रावरच असला पाहिजे. तो गुणपत्रिकेत असतोच, मग पुन्हा कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण गुणपत्रिका वाचायला अभ्यासक्रमाची रचना ठाऊक असावी लागते आणि पडताळणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ती ठाऊक असतेच असे नाही. पदवीचे अर्ज भरून देण्याच्या कामात मी काही वर्षे आहे. एकदा सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेली एक मुलगी कागदपत्र पडताळणीनंतर थेट आमच्याकडे आली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तिचे सगळे कागद क्रमाने लावलेले होते. पडताळणी करणाऱ्यांनी पदवीवर बोट ठेवून “ताई, यात भूगोल कुठे आहे?” असे विचारले, तेव्हा तिने तृतीय वर्षाची गुणपत्रिका पुढे केली, त्यावरचे पेपरांचे सांकेतिक क्रमांक पाहून त्यांनी “महाविद्यालयाचा दाखला आणा” एवढेच सांगितले. तिने तीन वर्षे भूगोल शिकला होता, त्यात प्रथम श्रेणी मिळवली होती, आणि एका ओळीसाठी तिला दुसऱ्यांदा फेरी मारावी लागली.

आपली पदवी कोणत्या विद्यापीठाची

नाशिकमध्ये अर्ज कुठे करायचा हे पदवी कोणी दिली यावर ठरते. शहरातील व जिल्ह्यातील बहुतेक पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. १९४९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचे नामकरण २०१४ साली झाले, म्हणून त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर पुणे विद्यापीठ एवढेच नाव दिसते आणि त्यात चूक काही नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकमध्येच, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या अशा पदव्या म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. तेथे पदवीच्या नावातच विद्याशाखा येते, त्यामुळे ही अडचण सहसा उद्भवत नाही. महाविद्यालय स्वायत्त असले तरी पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावाने मिळते, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते आणि अर्ज भलत्याच ठिकाणी जातो.

पदविकेविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे डिप्लोमा म्हणजे तंत्रनिकेतनाची पदविका, आणि तिच्यावर शाखा असतेच. अमेरिकेत मात्र महाविद्यालयीन पदवीच्या प्रमाणपत्रालाच डिप्लोमा म्हणतात आणि तेथील अनेक संस्था त्यावर मुख्य विषय न छापता तो ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे सर्व विषय व गुण दाखवणाऱ्या एकत्रित उताऱ्यावर देतात. परदेशी अर्जात डिप्लोमा असा शब्द आला म्हणजे पदविकाच मागितली आहे, असे समजून घाबरू नये.

विशेष विषय कसा ठरतो

पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत बी.ए.च्या विद्यार्थ्याला सामान्य स्तराचे पेपर जी-१, जी-२, जी-३ आणि विशेष स्तराचे पेपर एस-१ ते एस-४ असत. द्वितीय वर्षाला एस-१ व एस-२ आणि तृतीय वर्षाला एस-३ व एस-४ ज्या विषयाचे दिले, तो विशेष विषय. बी.एस्सी.ला विषयांची संख्या वर्षागणिक कमी होत जाऊन तृतीय वर्षाला एकच विषय उरे. बी.कॉम.ला बँकिंग व वित्त, परिव्यय लेखांकन, विपणन, व्यवसाय प्रशासन यांसारख्या विषयांतून एक निवडावा लागे, आणि याच शाखेतले विद्यार्थी आपला विशेष विषय सर्वांत लवकर विसरतात, असा माझा अनुभव आहे. श्रेयांक (क्रेडिट) पद्धत आल्यानंतर एस-३, एस-४ ही नावे मागे पडून सीसी (गाभा विषय), डीएसई (विषयांतर्गत ऐच्छिक), एसईसी (कौशल्यवर्धन) अशी संक्षिप्त रूपे गुणपत्रिकेवर आली, त्यामुळे बाहेरच्या माणसाला विशेष विषय ओळखणे आणखी अवघड झाले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) अशी भाषा आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात, आणि एखादा विषय मेजर म्हणून मिळण्यासाठी एकूण श्रेयांकांपैकी किमान ५० टक्के त्या विषयाचे असावे लागतात. विद्यार्थ्याने निम्मे श्रम ज्या विषयासाठी खर्च केले, त्याचे नाव पदवीवर नसावे हे मला पटत नाही. विविध विषय शिकलेल्या विद्यार्थ्याला एका चौकटीत बसवू नये, हा आक्षेप मी ऐकला आहे. त्यावर उपाय म्हणजे मेजरसोबत मायनरही छापणे. जागा दोन्हींना पुरते.

पात्रता

पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याने सर्व वर्षांचे, म्हणजे आता सर्व सत्रांचे, सर्व विषय उत्तीर्ण केलेले असावेत. प्रथम वर्षाचा एखादा राहिलेला विषय किंवा पर्यावरणाचा अनिवार्य पेपर अंतिम वर्ष उत्तीर्ण झाल्यावरही अडकलेला असतो, आणि तो लक्षात येतो नेमका पदवीच्या अर्जाच्या वेळी. दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या मंडळातून आलेल्या विद्यार्थ्यांची पात्रता विद्यापीठाने कायम केलेली असली पाहिजे. स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत जमा न केल्यास निकाल लागूनही पदवी थांबते. विशेष विषयाच्या नोंदीसाठी निराळी पात्रता नाही, फक्त विषय बदललेला असल्यास तो बदल महाविद्यालयाने त्या वर्षी विद्यापीठाला कळवलेला असावा.

कागदपत्रे

सर्व वर्षांच्या मूळ गुणपत्रिका आणि त्यांच्या स्पष्ट प्रती, आधार किंवा अन्य ओळखपत्र, पीआरएन म्हणून ओळखला जाणारा कायम नोंदणी क्रमांक, अंतिम परीक्षेचा आसन क्रमांक आणि छायाचित्र एवढे कागद अर्जाला बसण्यापूर्वी समोर ठेवावेत. नावात बदल झालेला असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत लागते. विवाहानंतरचे नाव पदवीवर यावे अशी इच्छा असली तरी परीक्षा ज्या नावाने दिली तेच नाव छापले जाते, हे मुलींना आधीच सांगितलेले बरे. विशेष विषयाच्या पुराव्यासाठी तृतीय वर्षाची गुणपत्रिका पुरेशी असली, तरी मी द्वितीय वर्षाचीही जोडायला सांगतो, कारण दोन वर्षे सलग तोच विषय दिसला की शंकेला जागा राहत नाही.

अर्ज कसा करावा

विद्यापीठ पदवीप्रदान समारंभापूर्वी ऑनलाइन अर्जाची मुदत जाहीर करते. मुदतीत अर्ज भरून शुल्क ऑनलाइन भरावे, आणि मुदत हुकल्यास विलंब शुल्कासह अर्ज करता येतो का हे त्या वेळच्या परिपत्रकात पाहावे. अर्जातील नाव, आईचे नाव, देवनागरीतील नाव, पदवी आणि विशेष विषय हे रकाने गुणपत्रिका समोर ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहावेत. येथेच सर्वाधिक घाई होते. सायबर कॅफेत किंवा मोबाईलवर अर्ज भरताना विषयाच्या यादीतून चुकून शेजारचा विषय निवडला जातो, अर्थशास्त्राऐवजी व्यावसायिक अर्थशास्त्र जाते, आणि पुढे ते छापून आल्यावर विद्यार्थी हवालदिल होतो. अर्ज पाठवण्यापूर्वी त्याचा जो आराखडा पडद्यावर दिसतो, त्याची प्रत काढून ती घरी आणखी एका माणसाला वाचायला द्यावी. विषयाचा रकानाच अर्जात नसेल, तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे लेखी विचारणा करून त्या वर्षीच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात विशेष विषय येणार आहे का, हे जाणून घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र होण्याच्या अपेक्षित तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी प्रदान झाली पाहिजे. तोपर्यंत नोकरीसाठी तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मागता येते.

प्रमाणपत्रावर विषय आलाच नसेल तर

त्या वर्षीच्या नमुन्यातच विषय नसेल, तर ती चूक ठरत नाही आणि नवे प्रमाणपत्र मिळत नाही. अशा वेळी महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडून विशेष विषयाचा दाखला घ्यावा. त्यात विद्यार्थ्याचे नाव, पीआरएन, प्रवेशाचे व उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, द्वितीय व तृतीय वर्षाच्या पेपरांची पूर्ण नावे आणि “या विद्यार्थ्याचा विशेष विषय अमुक होता” हे वाक्य असावे; जावक क्रमांक, तारीख आणि शिक्का यांपैकी एक जरी राहिला तरी दाखला परत येतो. परदेशी शिक्षणासाठी याऐवजी विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट घ्यावी. युरोपातील देशांनी २००५ पासून प्रत्येक पदवीधराला डिप्लोमा सप्लिमेंट आपोआप आणि विनामूल्य द्यायचे ठरवले, आणि त्यात मुख्य अभ्यासविषयासाठी स्वतंत्र रकाना असतो. असा एक जोडकागद आपल्या विद्यापीठांनी पदवीसोबतच दिला, तर प्राचार्यांच्या दाखल्यासाठी होणारी धावपळ संपेल.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांनी हा दाखला अंतिम वर्षाचा निकाल लागताच काढून ठेवावा. बी.एड.ला अध्यापन पद्धती पदवीच्या विषयांवरून ठरतात, उच्च प्राथमिक स्तरावर गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे असे गट असतात, आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणी करतानाही पदवीचा विषय भरावा लागतो.

विषय चुकीचा छापलेला असेल, तर महाविद्यालयामार्फत दुरुस्तीचा अर्ज करावा आणि त्यासोबत मूळ प्रमाणपत्र व गुणपत्रिकांच्या प्रती द्याव्यात. डिजिलॉकरमधील प्रतही विद्यापीठाच्या त्याच नोंदीवरून तयार होते, म्हणून कागदावरची चूक तेथेही दिसते आणि दुरुस्तीनंतर ती प्रत पुन्हा उघडून पाहावी लागते. दाद न मिळाल्यास महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. फाईल कोठे थांबली आहे हे माहिती अधिकारातही विचारता येते, त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.

मूळ प्रमाणपत्र दुरुस्तीसाठी देताना त्याची रंगीत प्रत काढून घ्यावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. नाशिकहून पुण्यात गणेशखिंडीला असलेल्या विद्यापीठापर्यंत दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे, आणि पुढच्या प्रत्येक चौकशीत पहिल्यांदा विचारला जातो तो हाच आवक क्रमांक.