काळी असली तरी ती काजळी नव्हे

वापरलेला लाकडाचा स्टोव्ह घरी आणला की आपण दार उघडतो, आत बोट फिरवतो आणि म्हणतो, "काजळी आहे, झटकली की झालं." पेटीतली बहुतेक असतेही काजळीच. गोम असते वर, धुराड्याच्या नळीत. तिथला काळा थर काजळीचा की क्रिओसोटचा, म्हणजे धुरातून साचलेल्या, पेट घेणाऱ्या डांबराचा, हे पाहिल्याशिवाय काडी ओढू नका.

नळी गार असताना टॉर्च मारा आणि जुन्या स्क्रूड्रायव्हरने थर खरवडून बघा. काजळी मऊ असते, पिठासारखी भुरभुरते, ब्रशने निघते. क्रिओसोटची रूपं अनेक: कधी कुरकुरीत काळ्या ढलप्या, कधी ओघळलेलं डांबर आणि सगळ्यात वाईट म्हणजे काचेसारखा चकाकणारा गुळगुळीत थर. त्यावरून ब्रश नुसता घसरतो. दमट हवेत खोलीत जळक्या डांबराचा वास येत असेल, तर उत्तर जवळजवळ मिळालंच म्हणायचं.

दोन्ही अर्धवट जळण्यातूनच होतात. काजळी म्हणजे ज्वाळेत जळायचा राहिलेला कोरडा कार्बन. क्रिओसोट म्हणजे धुरातल्या न जळलेल्या डांबरी वाफा. नळीतला धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला, की झाकणाला वाफ धरावी तशा त्या आतून चिकटतात आणि पुढच्या धगीने भाजून घट्ट होतात.

म्हणून मला भडकलेल्या आगीपेक्षा धुमसणाऱ्या आगीची धास्ती जास्त. झोपताना स्टोव्ह ठासून भरायचा आणि हवेची झडप जवळजवळ बंद करायची, ही सवय फार जणांना असते. सकाळपर्यंत ऊब टिकते खरी, पण गार धूर रात्रभर नळीत रेंगाळतो. त्यात लाकूड ओलं असेल तर बघायलाच नको; बरीच धग पाणी आटवण्यातच जाते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, आणि तो मोजायचा ओंडका फोडून आतल्या बाजूला. बाहेरून सगळीच लाकडं वाळलेली दिसतात. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा: सुकं खणखणतं, ओलं थपकन वाजतं.

जुन्या स्टोव्हच्या दाराच्या कडेने फट बुजवायला बसवलेली दोरीही तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर दोरी गेली, आणि आगीवरचा ताबाही गेला. ६ इंची तोंडाचा स्टोव्ह भल्यामोठ्या जुन्या धुराड्याला जोडू नका, धूर तिथेच गारठतो. नळीचे तुकडे जोडताना चुणीदार (चुण्या पाडून अरुंद केलेलं) टोक खाली, स्टोव्हकडे हवं, म्हणजे ओघळ आतल्या आत उतरतो. उलटं बसवलं की सांध्यावर बाहेरून तपकिरी डाग दिसू लागतात.

काजळी ३ मिलिमीटर साचली की झाडून घ्या. चकाकी दिसली तर जाडी मोजत बसू नका. स्टोव्ह बंद ठेवा आणि धुराडी साफ करणाऱ्या जाणकाराला बोलवा. "एक जोरदार आग केली की जळून जाईल" असं सांगणारे भेटतात. जळतं खरं, पण धुराड्यातच, हजार अंशांच्या आसपास. नळीतून आगगाडीसारखी धडधड ऐकू आली तर दार आणि झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला फोन करा. वरून पाणी मात्र ओतू नका. तापलेलं धुराडं तडकतं.