ट्रिगर आणि हेडशॉट यांच्यामधली गोळी

व्हिडिओ गेममधला परग्रहावरचा कडा. स्कोपमध्ये दूरच्या मनोऱ्यावरचा शत्रू दिसतोय. क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, हेल्मेटवर आणून क्लिक केलं की तो त्याच क्षणी कोसळतो आणि हवेत एक निळसर रेघ विरत जाते. आपल्याला वाटतं, भविष्यातली बंदूक आहे, गोळी एवढी वेगवान असणारच. पण अशा बहुतेक बंदुकांमधून गोळी सुटलेलीच नसते.

या पद्धतीला हिटस्कॅन म्हणतात. क्लिक होताच गेम एक अदृश्य सरळ रेषा काढतो आणि तिच्या वाटेत सर्वांत आधी काय येतं ते तपासतो. भिंत आली तर भिंतीवर खूण, डोकं आलं तर हेडशॉट. ही रेषा बरेचदा नळीतून नाही, तर पडद्याच्या मध्यातून, म्हणजे खेळाडूच्या नजरेतून निघते. १९९७ च्या 'क्वेक २' गेममधल्या रेलगन या विजेवर चालणाऱ्या बंदुकीची निळी, मळसूत्री रेघ जुन्या खेळाडूंना आठवत असेल. तीसुद्धा निकाल लागल्यावर काढलेलं चित्रच.

खरी रेलगन इतकी तात्काळ नसते. दोन समांतर धातूच्या पट्ट्या, त्यांना जोडणारा सरकता तुकडा आणि त्यातून सोडलेला प्रचंड विद्युतप्रवाह. त्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्रच तुकड्याला पुढे ढकलतं. वेग सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर धरला, तरी एक किलोमीटर गाठायला जवळपास अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात माणूस डोकं खाली घेऊ शकतो. क्लिकसरशी लागणारं शस्त्र हवं असेल तर ते लेझरच.

मग गेममध्ये खरी गोळी का सोडत नाहीत? सोडतात, पण ते किचकट असतं. सेकंदाला ८५० मीटर वेगाची गोळी सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवणाऱ्या गेममध्ये दर फ्रेमला १४ मीटर पुढे सरकते. एका फ्रेमला ती भिंतीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. मधली भिंत तिला भेटतच नाही! म्हणून दोन जागांमधला पट्टाही तपासावा लागतो. शिवाय गुरुत्वाकर्षण आहे. पृथ्वीवर पहिल्या सेकंदात गोळी ४.९ मीटर खाली येते, चंद्रावर जेमतेम ०.८ मीटर, आणि तिथे वाराही नाही. 'एपेक्स लेजेंड्स' गेममधल्या क्रेबर या स्नायपर बंदुकीने लांबचा नेम साधायचा तर थोडं वर आणि पळणाऱ्याच्या पुढे धरावं लागतं. मला असाच नेम आवडतो. लागला तर तो आपण साधलेला असतो.

ऑनलाइन खेळात आणखी एक गुंता. तुमचं क्लिक सर्व्हरवर पोहोचेपर्यंत शत्रू हललेला असतो. म्हणून अनेक सर्व्हर काळ किंचित मागे नेऊन, तुम्हाला तो जिथे दिसत होता तिथे नेम तपासतात. आडोशाला पोहोचल्यावरही आपण मरतो, ते यामुळे.

सगळ्यात मोठी सूट मात्र गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याला दिलेली असते. ४० ग्रॅमची गोळी सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने सोडली, तर बंदूक आणि स्पेससूटसह १०० किलोचा नेमबाज अंतराळात सेकंदाला १.२ मीटर वेगाने मागे जाईल, म्हणजे साधारण चालण्याच्या गतीने. गोळी चुंबकाने सोडली तरी हा धक्का चुकत नाही; स्फोटाने सोडली तर मागोमाग सुटणाऱ्या वायूंमुळे तो वाढतोच. दुसरी गोळी झाडण्याआधी त्याला पाय कुठेतरी अडकवावे लागतील.