संध्याकाळचं ते निळं आभाळ खरं असतं

नागपूरजवळच्या रामटेकच्या गडाचा दिवेलागणीनंतर काढलेला फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून पाहा. खाली गावातले दिवे लागलेले, वर मंदिरांच्या कळसांवर उजेड, आणि मागे गर्द निळं आभाळ. दोन-चार जण अंगठा दाखवतात आणि मग कुणीतरी लिहितंच, "भाऊ, एडिटिंग जरा जास्त झालं." आभाळ एवढं निळं दिसूच शकत नाही, ही फिल्टरचीच करामत, अशी बहुतेकांची पक्की समजूत असते. ती खोडून काढायला हा लेख लिहितो आहे. ते निळं खरं असतं. त्याचं कारण मात्र आपण शाळेत शिकलो त्याहून वेगळं आहे, आणि ते कळल्यापासून मला तर संध्याकाळ जास्तच आवडायला लागली आहे.

शाळेतलं कारण सगळ्यांना पाठ असतं. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, तांबडा कमी. तरंगलांबी जितकी आखूड, तितकं विखुरणं जोरात, आणि तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात. ४५० नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. याला रॅले विकिरण म्हणतात. दुपारचं आभाळ यामुळे निळं. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याच्या किरणांना डोक्यावरच्या हवेच्या सुमारे ३८ पट हवा पार करावी लागते. वाटेत निळा प्रकाश विखुरून संपतो, उरतो तो नारिंगी-तांबडा. मावळतीचा सूर्य यामुळे लाल. इथवर सगळं बरोबर आहे.

अडचण पुढे सुरू होते. सूर्य बुडाल्यावरही वरच्या हवेवर ऊन पडतच असतं, म्हणून तर लगेच अंधार होत नाही. पण वरच्या हवेवर पडणारं हे ऊन कसलं? जमिनीलगतच्या दाट हवेतून शेकडो किलोमीटर घासत आलेलं, निळा रंग वाटेत गमावून बसलेलं. असं पिवळट ऊन वरच्या हवेने विखुरलं, तर डोक्यावरचं आभाळ फिकट पिवळसर किंवा राखाडी दिसायला हवं. प्रत्यक्षात ते दुपारपेक्षाही गडद निळं दिसतं. एकट्या रॅले विकिरणावर हा हिशेब जमत नाही.

तो जमवला एडवर्ड हलबर्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने, १९५३ साली. त्याने हवेच्या थरांमधून प्रकाश कसा जाईल याचं गणित मांडलं आणि दाखवलं की वातावरणात फक्त हवेचे रेणू असते, तर संधिप्रकाशात डोक्यावरचं आभाळ खरोखरच पिवळट दिसलं असतं. त्यात ओझोन धरला तेव्हा रंग जुळला. त्याच्या हिशेबाप्रमाणे सूर्य मावळताना डोक्यावरच्या निळाईतला एक तृतीयांश वाटा रॅले विकिरणाचा आणि दोन तृतीयांश ओझोनचा असतो. सूर्य आणखी खाली गेला की जवळपास सगळी निळाई ओझोनची.

ओझोन म्हटलं की आपल्याला अतिनील किरण आठवतात. ते अडवणं हे त्याचं मोठं काम आहेच. पण १८८० साली जेम्स शाप्वी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की ओझोनमधून आरपार आलेला प्रकाश निळसर दिसतो. म्हणजे हा वायू डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातलाही काही भाग गिळतो. कोणता? पिवळा आणि नारिंगी. हे शोषण ५७५ आणि ६०३ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. त्या पट्ट्याला आता शाप्वी पट्टा म्हणतात. अतिनील किरणांच्या शोषणाच्या मानाने हे शोषण हजारपटीहून जास्त दुबळं आहे, म्हणून एरवी त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दुबळं असूनही ते सांजवेळी आभाळाचा रंग कसा ठरवतं, हा यातला माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्या डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणला तर त्याचा थर जेमतेम ३ मिलीमीटर जाडीचा भरेल. दुपारी ऊन या थरातून सरळ खाली येतं आणि नारिंगी प्रकाशातला फार तर ४ टक्के भाग गमावतं. डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. संध्याकाळी किरण तिरपे शिरतात. काकडी आडवी कापली तर छोटी चकती मिळते, तिरपी कापली तर लांबट काप निघतो. जाडी तीच, पण सुरीची वाट लांबते. जमिनीला घासून जाणाऱ्या किरणाची ओझोनच्या थरातली वाट अशीच सुमारे बारापट लांबते.

हे झालं एकदा ओलांडण्याचं. आता सूर्य क्षितिजाच्या ६ अंश खाली आहे असं धरा. पृथ्वी गोल असल्यामुळे तिची सावली आपल्या डोक्यावर वर चढत गेलेली असते. त्रिज्या ६३७१ किलोमीटर घेऊन ६ अंशांचा सिकंट (१ भागिले कोसाइन) काढला तर सावलीची वरची कड सुमारे ३५ किलोमीटरवर येते. तिच्या खालची हवा अंधारात, वरची उन्हात. ओझोन बहुतेक सगळा १५ ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान असतो. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या उजळलेल्या हवेपर्यंत पोचणारा किरण पश्चिमेला कुठेतरी ओझोनच्या थरातून खाली उतरला, जमिनीला घासला, आणि पुन्हा त्याच थरातून वर चढला. दोन वेळा, दोन्ही वेळा तिरपा. बारा दुणे चोवीस. ४ टक्क्यांची गळती चोवीसदा लागली की नारिंगी-पिवळ्यातला निम्म्याहून जास्त उजेड वाटेतच संपतो. सूर्य ३ अंशच खाली असतो तेव्हा सावलीची कड साधारण ९ किलोमीटरवर, ओझोनच्या थराच्या खाली असते. उजळलेल्या हवेतल्या बऱ्याच भागापर्यंत ऊन तेव्हा दुसऱ्यांदा पूर्ण थर न ओलांडताच पोचतं. सूर्यास्तानंतर निळाई लगेच येत नाही, हळूहळू गडद होत जाते, त्यामागे ही भूमिती आहे.

आणि आता दिव्यांकडे या. गावोगावच्या चौकांत परवापर्यंत सोडियमचे पिवळे दिवे होते. सोडियमची ओळख पटवणारा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा, म्हणजे शाप्वी पट्ट्याच्या बरोबर मधोमध. ओझोन आभाळातून जो रंग काढून घेतो, नेमका तोच रंग खाली सोडियमचा दिवा ओतत होता. संध्याकाळच्या जुन्या फोटोंमध्ये पिवळ्या वस्तीवर निळं आभाळ इतकं खुलून दिसतं ते यामुळे. आताचे एलईडी दिवे निळ्या चिपवर पिवळा लेप चढवून पांढरा उजेड देतात. वीज वाचते, रस्ता नीट दिसतो, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण फोटोतला तो विरोध फिका पडला आहे, आणि दिव्यांची निवड करताना पिवळसर छटेचे एलईडी घेतले तर गावाचं रूप राखता येईल असं मला मनापासून वाटतं.

ही वेळ किती टिकते? सूर्यास्तापासून सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. विदर्भ साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा काळ वर्षभरात २२ ते २५ मिनिटांचाच असतो. लंडनला उन्हाळ्यात तो पाऊण तासाच्या आसपास जातो. परदेशी फोटोग्राफर "निवांत थांबा" असं सांगतात ते त्यांच्या गावापुरतं बरोबर आहे. आपल्याकडे सूर्यास्ताच्या वेळी मोकळ्या रानात साधारण ४०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि सूर्य ६ अंश खाली गेला की साडेतीन लक्सच्या आत-बाहेर. म्हणजे दर तीन-साडेतीन मिनिटांनी उजेड निम्मा. सूर्यास्ताला १/१५ सेकंदात निघणारी चौकट, अ‍ॅपर्चर (भिंगाचं उघडं तोंड) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तेच ठेवलं तर, या काळाच्या शेवटी ८ सेकंद मागते. गडावरच्या दिव्यांचा उजेड मात्र तेवढाच राहतो. आभाळाचा उजेड घसरत घसरत दिव्यांच्या बरोबरीला येतो ती पाच-सात मिनिटंच कामाची. त्याआधी दिवे लागलेले जाणवत नाहीत, त्यानंतर आभाळ काळं पडतं. आणखी एक, वेळ मुंबईची धरू नका. रेखांशातल्या फरकामुळे रामटेकला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास, जूनअखेर सातच्या.

आता "एडिटिंग"च्या आरोपाबद्दल. फोनचा कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असतो, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल तो स्वतःच ठरवतो. चौकटीत निळं जास्त दिसलं की तो ही चूक समजतो आणि पिवळं मिसळून आभाळ करडं करून टाकतो. म्हणजे फेरफार केलेला फोटो बहुधा तो करडा असतो. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, साधारण ५५०० केल्विनवर बांधून ठेवा, मग ओझोनचा रंग जसाच्या तसा उतरेल. "एआय नाइट मोड"च्या जाहिरातींनाही भुलू नका. त्यातलं मूळ तंत्र साधं आहे: फोन भराभर अनेक फोटो घेतो, एकावर एक जुळवतो आणि सरासरी काढतो. १६ फोटोंची सरासरी काढली की चित्रातला कचकचाट (नॉइज, म्हणजे नको असलेले दाणेदार ठिपके) चौपट कमी होतो, कारण १६ चं वर्गमूळ ४. हे खरंखुरं, चांगलं विज्ञान आहे. पण काही फोन याच्या पुढे जाऊन चंद्राच्या फोटोत न टिपलेला तपशील भरतात, ते छायाचित्रण नव्हे.

गडाच्या पश्चिमेला एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून पूर्वेकडे तोंड केलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल. सूर्य बुडताच पूर्वेच्या क्षितिजावर निळसर करडा पट्टा उगवतो आणि त्याच्यावर गुलाबी झालर. धुकं किंवा धूर म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. सुरुवातीला ती दर चार-साडेचार मिनिटांनी अंशभर वर सरकते. हात लांब करून धरलेल्या करंगळीची रुंदी साधारण तेवढीच. तुरी-कपाशीच्या सपाट वावरातून ती जशी स्वच्छ दिसते तशी उंच इमारतींच्या शहरातून दिसत नाही. याच वेळी गडावरच्या भगव्या ध्वजाकडे पाहा: झाडांची पानं अजून दिसत असतात, ध्वज मात्र काळपट होतो. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांचा कल निळ्या-हिरव्याकडे सरकतो, तांबडं आधी विझतं. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

आभाळ लालभडक किंवा जांभळं झालं की "काहीतरी वाईट घडणार" असं म्हणणारे अजून भेटतात. त्या रंगांना आपल्या घरादाराची काही खबर नसते. हवेत किती बारीक कण आहेत आणि ते किती उंचीवर आहेत, एवढंच ते सांगतात. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याच्या कणांमुळे जगभर कित्येक महिने सूर्यास्त भडक दिसले. तिन्हीसांजेला वावरात जाऊ नये, चिंचेखाली काही असतं, हेही असंच. चिंचेखाली भूत नसतं. धुऱ्यावर साप मात्र असतात, मण्यार तर रात्रीच हिंडते. म्हणून बूट आणि टॉर्च हवाच, आणि झुडपात पाय टाकण्याआधी उजेड पाडून पाहणं.

ट्रायपॉडचं एक सांगायला हवं. पावसाळ्यानंतर काळी माती वरून कोरडी आणि आत ओली असते. ट्रायपॉडचा पाय तीत हळूहळू रुततो, डोळ्याला कळतही नाही इतका. पण ८ सेकंदांच्या फोटोत कळसाची कड दुहेरी येते. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवा, पाय दाबून बसवा, आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असा टायमर लावा. उन्हाळ्यात याच जमिनीला भेगा पडतात, तेव्हा पाय भेगेच्या कडेला टेकवू नका.

निळाई संपल्यावर नैऋत्येला, नागपूरच्या बाजूला, क्षितिज पूर्ण काळं होत नाही. शहराचे वर फेकलेले दिवे हवेतल्या धुळीवरून आणि ढगांवरून परत येतात. ढगाळ रात्री हा घुमट आणखी उजळतो. उत्तरेला चित्र उलटं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये रात्रीचं आभाळ अंधारं राखण्यासाठी काम करणाऱ्या डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. त्यासाठी आसपासच्या गावांतले पथदिवे उजेड फक्त खाली पाडतील असे करण्यात आले. गावाचा उजेड रस्त्यावर राहिला तर फोटोतही गाव नीट येतं, दिव्यांभोवती पांढरे डाग पडत नाहीत.

निळाईसाठी हवा स्वच्छ लागते. धूळ जास्त तर सूर्यास्त रंगीत, हाही एक गैरसमजच. धुळीचे मोठे कण सगळे रंग सारखेच विखुरतात आणि आभाळ मळकट करतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पाऊस नुकताच ओसरलेला असतो, हवा धुतलेली असते, तेव्हा जा. थंडी पडली की जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असा उलटा थर तयार होतो, आणि चुलींचा, शेकोट्यांचा, शेतातला काडीकचरा जाळल्याचा धूर त्याखाली अडकून पसरतो. अशा दिवसांत खालून फोटो काढण्यापेक्षा गडावर चढून गावाकडे कॅमेरा लावा. धुराचा थर खाली राहतो आणि वरचं आभाळ मोकळं मिळतं.